कापसाचा बोळा

परदेशात गेल्यापासून धाकट्याचं लिहिणं सुटलं होतं. हुरूप यावा म्हणून लिहिणाऱ्यांच्या एका ग्रुपमध्ये शिरला आणि रोज फोन करू लागला. "ताई, बाबांच्या पाठीची जखम केवढी झाली? वास कसा येतो गं?" मला वाटलं, जीव तुटतोय पोराचा. सगळं सांगत गेले. काल मावशीने त्याची बक्षीस मिळालेली कथा पाठवली: 'मी रोज बाबांची जखम धुतो.' खाली सत्तर जणांचं, "धन्य तो मुलगा!" अंगावर पाल पडल्यासारखं झालं. आज ड्रेसिंग करतानाच त्याचा व्हिडिओ कॉल आला. "ताई, हात पुन्हा चालायला लागला! पुढच्या स्पर्धेचा विषय 'निरोप'. डॉक्टर काय म्हणतात, बाबांचे किती दिवस?" कुशीवर वळवलेले बाबा ऐकत होते. मी पुवाने बरबटलेला बोळा कॅमेऱ्यासमोर धरला. "शी! बाजूला घे ते," तोंड फिरवून म्हणाला, "जेवतोय मी."