अकरा किलो

"हं, उचला," फिजिओबाई म्हणाली आणि वही मांडीवर घेऊन बसली.

नवऱ्याने पाय फाकवून उभं राहत बायकोच्या कमरेला उचलण्यासाठी बांधलेला रुंद पट्टा दोन्ही हातांनी धरला. पलंगाच्या कडेला चाकांची खुर्ची लावलेली, जेमतेम हातभर अंतर. अर्धांगाच्या झटक्याने तिची उजवी बाजू गेली, त्याला दीड वर्ष झालं. तेव्हापासून तो तिला दिवसातून सात-आठ वेळा असंच इकडून तिकडे नेत होता. तिने चांगल्या, डाव्या पायाने रेटा द्यायचा, त्याने वर ओढायचं, की झालं. आज ती अर्धवट उठली, तिथेच अडली, आणि दोघंही धप्पकन पलंगावर बसली.

पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्याचे हात लटपटायला लागले, तेव्हा फिजिओबाईनेच थांबवलं.

वहीत त्यांच्या मुलीने मागवलेला तपासणीचा एक कागद होता. त्यावर कामाचा प्रश्न एकच: एकट्या माणसाला रुग्णाला हलवता येतं का, हो की नाही. उत्तर नाही असेल, तर मुलगी रविवारी येऊन आईला शुश्रूषा केंद्रात नेणार होती. मुलगी वाईट नव्हती बिचारी, तिला आईबापांची हाडं शाबूत हवी होती, एवढंच. पण बेचाळीस वर्षं एका खोलीत झोपलेल्या माणसांचे दोन पत्ते होणं म्हणजे काय, ते तिला कुठून कळणार?

"ही जड झालीय गं," नवरा धापा टाकत म्हणाला. "मी तर अकरा किलो उतरवलेत. डॉक्टरांनी दहाच सांगितले होते."

हे तो अभिमानाने सांगत होता, आणि का सांगू नये? गुडघे वाचवायचे तर वजन उतरवा, नाहीतर बायकोला कोण उचलणार, असं डॉक्टरांनी दरडावलं होतं. आयुष्यभर लोकांच्या भिंती रंगवलेला माणूस. एकदा काम अंगावर घेतलं की अर्धवट सोडणं त्याच्या रक्तात नव्हतं. अडीच महिने तो सकाळी कोबीचं पाणी, दुपारी कोबी आणि रात्री नुसतंच पाणी यावर राहिला. पँटच्या पट्ट्याला तीन नवी भोकं पाडली. जिन्यात भेटेल तो शेजारी त्याला शाबासकी देत होता.

फिजिओबाईने पिशवीतून टेप काढली. आधी त्याचा दंड मोजला आणि आकडा वहीत लिहिला. मग बायकोची चांगली, डावी मांडी मोजली, वहीची मागची पानं चाळली आणि पुन्हा एकदा मोजली.

"काकू, माझ्या तळहातावर पाय रेटा बघू. जोरात."

"जोरातच रेटतेय गं."

"पाच सेंटीमीटर गेलेत या मांडीतले. तुम्ही जड नाही झालात, काकू. रेटा द्यायला पायात काही उरलंच नाहीये, म्हणून सगळा भार काकांवर येतो. जेवता ना नीट?"

काकू खिडकीकडे बघायला लागल्या.

"अगं, मी रोज ताट भरून देतो हिला," नवरा म्हणाला. "रिकामं परत येतं."

"अर्धं मांजर खातं," काकू हळूच म्हणाल्या. "यांचे गुडघे रात्री किती ठणकतात ते मला ऐकू येतं. म्हटलं, आपणच थोडं हलकं व्हावं."

"तरीच. ते मांजर एवढं माजलंय कसं, म्हणतोय मी." आणि मग त्याचा आवाज चढला. "डोकं फिरलंय का तुझं?"

"तुमचं ताळ्यावर आहे वाटतं? कोबी खाऊन खाऊन तुमचं काय झालंय, आरशात बघा जरा."

फिजिओबाईने दोघांनाही बोलू दिलं. मग म्हणाली, "काका, डॉक्टरांनी चरबी उतरवायला सांगितली होती, दंड नव्हे. पोट मारलं, व्यायाम केला नाही, की अंग दोन्ही खातं. स्नायू राखायचे तर त्यांना खायलाही लागतं आणि कामही लागतं."

"वजनकाट्यावर कुठे लिहून येतं, काय उतरलं ते?" नवरा म्हणाला. त्याला आता खरोखर लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त भीती.

फिजिओबाईने कागदावर 'नाही' लिहिलं. दोघांनीही ते वाचलं. मग तिने खाली आणखी एक ओळ घातली: तीन आठवड्यांनी पुन्हा तपासणी, तोवर रुग्णाला घरीच ठेवावे.

"तुमच्या मुलीशी मी बोलेन. पण तीनच आठवडे. तेव्हाही असंच असेल तर मी खोटं लिहिणार नाही. तोवर उचलायला दोन माणसं हवीत. शेजाऱ्यांना हाक मारा, लाजू नका. आणि व्यायाम दोघांनीही करायचा, मी दाखवते तसा."

ती स्वयंपाकघरात गेली. चार अंडी उकडून, सोलून, दोन बशांत घालून घेऊन आली आणि दोघांच्या पुढ्यात ठेवली. नवऱ्याने आपल्या बशीतलं एक उचलून बायकोच्या बशीत टाकलं. तिने तिचं एक उचलून त्याच्या बशीत टाकलं.

"आपापली खायची," फिजिओबाई म्हणाली.

दोघं खाऊ लागली. आपल्या बशीकडे मात्र एकाचंही लक्ष नव्हतं. समोरच्याने घास खरंच गिळला का, ते दोघंही डोळ्यांत तेल घालून बघत होती.