विरणारा माग

“बाई, माझी मुलगी आली तर तिला थेट आत सोडा. नावगाव विचारत बसू नका.”

“बरं, साहेब,” ती म्हणाली आणि वडिलांच्या दुसऱ्या हाताची नखं कापायला घेतली.

नोकरीचं दूरचं शहर सोडून ती इथे राहायला आली, तोवर त्यांच्या डोक्यातली मुलगी कॉलेजात जाणारी, दोन वेण्यांची होऊन बसली होती. पहिल्या दिवशी दारात तिने ‘बाबा’ म्हणून हाक मारली, तर ते औषध फवारायचा जुना पंप उगारून उभे राहिले. पिकल्या केसांची कुणी बाई आपली मुलगी म्हणवते म्हणजे नक्कीच घरावर डोळा ठेवून आलेली. तिच्या हातचा घास त्यांनी तोंडाला लावला नाही. शेवटी तिने बाहेर जाऊन पुन्हा बेल वाजवली आणि आपल्याला एजन्सीने कामाला पाठवलंय असं सांगितलं. त्यांनी हसून आत घेतलं. तेव्हापासून ती बाई झाली, ते साहेब. चुकून कुणी त्यांच्यासमोर बोलून जाऊ नये म्हणून शेजाऱ्यांनाही तिने तेच सांगितलं.

ते जेवले, झोपले की ती कंप्युटर उघडायची. एकमेकांना निरोप धाडणाऱ्या हजारो यंत्रांत कुणी कुणावर विश्वास ठेवायचा, हे ठरवणारी व्यवस्था ती बांधत होती. युक्ती मुंग्यांकडून घेतलेली. मुंगी वाटेवर वास सोडते, मागून येणाऱ्या तो ताजा ठेवतात. जाणं-येणं थांबलं की वास आपोआप उडतो. यंत्रांचंही तसंच. खरं बोलणाऱ्याची पत रोज थोडी वाढते, गप्प बसलेल्याची विरत जाते. फार दिवसांनी परतलेल्याने पहिल्यापासून सुरुवात करायची, मग त्याचं नाव काही का असेना. हा शेवटचा नियम तिचा स्वतःचा. ऑफिसात त्याचं कौतुक झालं होतं. आता वडील विनातक्रार तिच्या हातून गोळ्या घ्यायचे, तेव्हा तोच नियम तिला आपल्या घरात चालताना दिसायचा. इतकी वर्षं मुलीने नुसते फोन केले. तिचा माग विरला. बाईचा मात्र ताजा होता.

“मी झोपलो की त्या डब्यात काय बघता हो?” नखं कापून घेता घेता त्यांनी विचारलं.

तिने सोप्या शब्दांत सांगितलं. मुंग्या म्हटल्यावर ते खुलले.

“आमच्या पोरीचंही असंच काहीतरी आहे. मी जन्मभर घरोघर मुंग्या मारत फिरलो, आणि ही बया त्यांच्याकडे शिकवणीला जाते.” ते स्वतःच्याच विनोदावर खोकेपर्यंत हसले. मग म्हणाले, “पण एखादं यंत्र फार दिवस आलंच नाही तर?”

“त्याच्यावरचा विश्वास उडतो.”

“आणि परत आलं तर?”

“परकंच धरायचं.”

त्यांचा हात तिच्या हातात तसाच होता.

“मुंग्यांचं ठीक आहे,” ते म्हणाले. “त्यांची वाट बघत बाप बसलेला नसतो.”

शब्द तिच्या ओठांपर्यंत आले. पण ते आज पोटभर जेवले होते, चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नव्हता. पहिल्या दिवशी दारात पंप उगारून उभा राहिलेला तो भेदरलेला माणूस तिला पुन्हा बघवला नसता.

“झाली नखं, साहेब,” ती म्हणाली.

सकाळी ते उठलेच नाहीत.

डॉक्टर येऊन, तपासून गेले. शेजारच्या काकू खोलीत आल्या, पायाशी उभ्या राहून त्यांनी हात जोडले, मग हलक्या आवाजात म्हणाल्या, “शेवटपर्यंत तिचाच घोष होता हो. बाई, मुलीला कळवलंत का?”

ती पलंगाच्या कडेवर बसली. आता ते दचकणार नव्हते, हात झिडकारून मागे सरणार नव्हते. तिने त्यांच्या कपाळावरचे केस सारखे केले आणि काकूंसमोरच, खणखणीत आवाजात म्हणाली,

“बाबा, मी इथेच होते.”