उलटे आकडे

बाबांनी झाशीच्या कबाडी बाजारातून आणलेला तो जुना कॅल्क्युलेटर शाळेच्या प्रदर्शनात चालवून दाखवीन, अशी फुशारकी ज्ञानदा वर्गभर मारून बसली होती. आणि आज सकाळी इवल्या भिंगांखालचे त्याचे लाल आकडे उलटे उमटत होते.

समोर बसणाऱ्याला सुलटे दिसावेत, तसे.

तिने तो फिरवून धरला. बटणं उलटी झाली, आकडे मात्र अजूनही समोरच्या रिकाम्या खुर्चीकडेच तोंड करून.

"आई, हा मुद्दाम करतोय. मॅडमजी हसतील मला."

"मग तूच जाऊन बस ना पलीकडे," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "निर्जीव वस्तूशी काय झगडतेस?"

पाय आपटत ज्ञानदा उठली आणि टेबलाला वळसा घालून पलीकडच्या खुर्चीत आदळली. आकडे एकदाचे सुलटे दिसले. हुश्श करून ती मागे टेकली, तेव्हा जाणवलं, की जानेवारीच्या या थंडीत खुर्ची चांगली उबदार होती.

सकाळपासून तिच्यावर कुणी बसलं नव्हतं.

ज्ञानदा आकड्यांकडे बघत राहिली. त्यांनी सावकाश कूस बदलली, आणि ती जिथून उठून आली होती, त्या खुर्चीकडे तोंड केलं.