प्रेमाबाईंचा लोटा

शेलूबाजारचे कापडवाले फूलचंद मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा फोटो घेत, तेव्हा दुर्बीण ताऱ्यांमागे सरकवणारी चक्री त्यांची बायको प्रेमाबाईच फिरवायच्या. जैन नेमानं सूर्यास्तानंतर त्यांना पाणी वर्ज्य. सकाळी दिवस उगवून दोन घटका झाल्या की मगच लोटा तोंडाला लावायच्या.

त्या जाऊन वर्ष झालं. फूलचंदांच्या थरथरत्या हातानं फोटोच्या प्रत्येक काचेवर तारे फरपटलेले निघत. आज रात्री तर चक्री सोडून त्यांचा डोळाच लागला.

पहाटे कोठीत, लाल कंदिलाच्या उजेडात, तरीही त्यांनी काच धुतली. काचेवरच्या उलट्या छबीत मधोमध ढग काजळासारखा उमलला होता आणि भोवती तारे मोहरीसारखे बारीक, काळे, गोल; एकही फरपटलेला नव्हता.

फूलचंदांनी पाणी गाळलं, लोटा काठोकाठ भरून चक्रीजवळ ठेवला.

"दादा, कोनासाठी भरून राह्यला?" बहीण तारामतीनं विचारलं.

"तिच्यासाठी. अजून दोन घटका व्हायच्या हायेत."

तारामतीनं डोळ्याला पदर लावला अन् शेजारी बसली. ऊन सरकत सरकत लोट्यावर आलं. पाणी चमकलं.

मग ते घोटाघोटानं खाली जाऊ लागलं.

तारामतीनं भावाचा हात घट्ट धरला.

"हळू पे," फूलचंद म्हणाले, "ठसका लागन."