आधी मालक

“आधी तुम्ही,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

तात्यांनी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती आणि भिंतीवर मांजराच्या आतड्यांचा तक्ता. म्हणजे ते आपल्यालाच होतं.

“जे पैलवानला करायचं, ते आधी मालकाला. कुत्रा बघत असतो. मालक जिवंत राहिला की त्याला धीर येतो. आणि दर वेळी त्याच्याकडे बघून हसत म्हणायचं, काही होत नाही.”

पैलवान खुर्चीखाली होता. म्हणजे अर्धा. उरलेल्या अर्ध्याला खुर्ची पुरली नव्हती. तो थरथरत होता, त्यामुळे खुर्चीही थरथरत होती. ही पाचवी खेप. आधीच्या चार वेळा तो भुंकून, पट्टा तोडून, एकदा औषधांचं कपाट अंगावर घेऊन, न तपासताच घरी गेला होता. आज जमलं नाही तर भूल द्यावी लागणार होती. कुत्रा तेरा वर्षांचा. भुलीतून उठेलच असं नाही, हे टेबलावरच्या कागदावर छापलेलं होतं आणि खाली तात्यांच्या सहीला जागा सोडलेली होती.

“काय त्रास होतो, ते पुन्हा सांगा.”

उत्तर दाराबाहेरच्या बाकावरून आलं. पैलवानचं रडणं ऐकवत नाही म्हणून काकू आत येत नसत, पण दार पूर्ण लावूही देत नसत.

“जेवत नाही, झोपत नाही. दोन महिने झाले. ह्यांनी खुर्चीत जरा डोळा मिटला, की ह्यांच्या छातीवर पाय देऊन भोकाड पसरतो. शर्टाचं दुसरं बटण नेमकं तोडतो. अकरा लावली मी! ह्यांचं घोरणं बंद झालं आणि ह्याचं रडणं सुरू झालं. माझ्या झोपेवर दोघांचा डोळा.”

“मी घोरत नव्हतोच कधी,” तात्या म्हणाले.

“नाही, शेजारचे घोरायचे. तेच तक्रार घेऊन यायचे.”

तात्या वजनकाट्यावर चढले. “काही होत नाही,” ते पैलवानला हसून म्हणाले. डॉक्टरबाईंनी सवयीने पैलवानच्या कार्डावर बासष्ट किलो लिहिलं आणि खोडलं. मग कान झाले. तात्यांचे कान स्वच्छ निघाले. मग जबडा. वरची एक दाढ किडलेली होती, पण तो विषय कुणी वाढवला नाही. प्रत्येक वेळी तात्या हसले. खुर्ची थरथरतच राहिली.

मग थर्मामीटर आला. कुत्र्यांना तो कुठे लावतात हे तात्यांना चार खेपांत समजलं होतं.

“हेसुद्धा आधी मालकाला?”

“हे सोडू या,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “टेबलावर बसा.”

तात्या चपला काढून टेबलावर बसले. दुसरं बटण आजही नव्हतं. स्टेथोस्कोपची चकती अलगद तिथूनच आत गेली.

खुर्ची थांबली.

पैलवान बाहेर आला. टेबलासमोर बसला, कान ताठ करून. तासन्‌तास रांगेत उभं राहून अखेर योग्य खिडकीशी पोचलेल्या माणसासारखा.

“जमलं!” तात्या दाराकडे तोंड करून कुजबुजले. “अगं, शांत झाला!”

“बोलू नका,” डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांनी चकती डावीकडे सरकवली. मग खाली. मग पाठीला. “श्वास रोखू नका.”

“मी कुठे रोखलाय?”

डॉक्टरबाईंनी चकतीवर टिचकी मारली. ती स्वतःच्या छातीला लावून पाहिली. मग खाली बसून पैलवानच्या छातीला लावली. पाच खेपांत पहिल्यांदाच पैलवानने लावू दिली.

“ठणठणीत आहे,” त्या स्वतःशीच म्हणाल्या.

पैलवानने थोडा वेळ वाट पाहिली. मग नाकाने त्यांचा हात आपल्या छातीवरून ढकलला आणि ढकलत ढकलत टेबलाकडे नेला.

डॉक्टरबाई उठल्या. त्यांनी तात्यांचं मनगट धरलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहू लागल्या. त्यांचा हात तात्यांना फार गरम लागला. सेकंदकाटा एक फेरी पुरी करून दुसऱ्या फेरीला लागला, तरी त्यांच्या बोटांना एकही ठोका लागला नव्हता.

“काही होत नाही,” तात्या पैलवानला हसून म्हणाले. मग डॉक्टरबाईंना म्हणाले, “आता घेऊ ना त्याला वर?”

“तुम्ही उतरू नका.”

पैलवान स्वतःभोवती तीनदा फिरला. टेबलाखाली आडवा झाला, तात्यांच्या चपलेवर हनुवटी टेकली, आणि काम सोपवून मोकळा झाल्यासारखा एक सुस्कारा सोडला. मिनिटभरात त्याला झोप लागली. दोन महिन्यांची झोप होती. आधी नुसता श्वास ऐकू आला, मग घरघर, मग खोली भरून टाकणारं, औषधांच्या बाटल्या किणकिणवणारं घोरणं.

बाहेर बाक करकरला.

“अगं बाई, तिथेही झोपलात?” काकू दाराच्या फटीतून हसल्या. “घोरा, घोरा. खरं सांगू का, त्या आवाजाशिवाय मलाच करमत नव्हतं हो.”

तात्यांनी सांगायला तोंड उघडलं. डॉक्टरबाईंनी ओठांवर बोट ठेवलं, आणि चकती आणखी एकदा दुसऱ्या बटणाच्या जागी टेकवली.