गंगू म्हशीचा बगळा

सुशील लांजेवारनं पुस्तकाचं शेवटचं पान फाडलं, चार घड्या घालून पाकिटात ठेवलं आणि पुस्तक फळीवर होतं तसं लावून दिलं. कौटुंबिक न्यायालयातली मुलांची खोली अजून रिकामी होती. अकराला दहा मिनिटं कमी होती. बेचाळीस वर्षांचा माणूस, खाप्याला हार्डवेअरचं दुकान, आणि लेकरांच्या पुस्तकाचं पान चोरतो. आता बोला.

पण त्याचाही नाइलाज होता.

तीन वर्षांपूर्वी कामिनी पोरीला घेऊन लकडगंजला माहेरी गेली, ती गेलीच. चूक कुणाची हे सांगत बसलं तर दिवस पुरायचा नाही. बरेच दिवस खटला चालला आणि शेवटी अदितीला भेटायची परवानगी मिळाली: महिन्यातले दोन शनिवार, याच खोलीत, अकरा ते बारा. सुशील खाप्याहून आठच्या एसटीनं निघायचा. घरी त्याच्याशी बोलायला कुणी नव्हतं. दुकानात जे काय बोलणं व्हायचं ते खिळे किती इंची पाहिजेत एवढंच.

पहिल्या शनिवारी अदिती आली आणि दप्तर मांडीवर घेऊन लहान खुर्चीत बसून राहिली. चौथीतली पोर, पण चेहरा मोठ्या बाईसारखा.

"शाळेत जाते ना वं बराबर?"

मान हलली.

"मैत्रिणी आहेत?"

मान हलली. चॉकलेट दिलं, तर पाहुण्याला म्हणावं तसं 'थँक्यू' म्हणून दप्तरात टाकलं. आपलीच पोर आपल्याला ओळखत नाही, असं सुशीलला वाटलं. तेवढ्यात अदिती उठली, फळीवरून चित्रांचं एक पुस्तक काढून तिनं त्याच्या पुढ्यात ठेवलं.

गंगू म्हैस आणि तिच्या पाठीवर बसणारा बगळा, अशी दोस्तांची गोष्ट होती. तळं आटतं, बगळा उडून जातो, आणि गंगू रोज काठाशी उभी राहून वर पाहते. सुशीलची ओळ संपायच्या आधीच अदिती पान उलटत होती. शेवटचं पान तेवढं राहिलं आणि बारा वाजले. कामिनी दारात उभी होती.

"मग बगळा आला का?" अदितीनं विचारलं.

तीन वर्षांत पोरीनं त्याला विचारलेला हा पहिला प्रश्न होता.

"पुढच्या वेळी सांगतो," तो म्हणाला.

म्हणून हे पान पाकिटात गेलं. त्या पानावर बगळा परत येऊन गंगूच्या पाठीवर बसला होता. ते दिसलं की गोष्ट संपली, आणि गोष्ट संपली की पोरगी पुन्हा मुकी.

"पान तं नाही यात," त्या दिवशी अदिती आल्यावर तो म्हणाला. "पण बगळा कुठं गेला, मले माहीत आहे."

त्या शनिवारी बगळा फुटाळा तलावावर गेला आणि तिथं कोणाच्या तरी हातातला भुट्टा घेऊन पळाला. पुढच्या खेपेला तो अंबाझरीच्या तलावावर पोचला, मग रामटेकच्या यात्रेत हरवला. सुशील एसटीत बसून डोकं खाजवत गोष्टी जुळवायचा. अदिती हसायला लागली. खुर्ची जवळ ओढायला लागली. पान कुणी फाडलं, हे मात्र तिनं कधीच विचारलं नाही.

विचारलं ते कुसुमताईंनी. खोलीची झाडपूस त्यांच्याकडे होती. "सुशीलभाऊ, काहून कोणी फाडलं असंन हो हे पान? दुसरं पुस्तक मागवू काय?"

"राहू द्या ताई," सुशील घाईनं म्हणाला. "लेकरं आहेत, चालतेच."

चौथ्या महिन्यात कामिनीनं अर्ज केला. अभ्यासाचं नुकसान होतं, भेटी बंद करा. जज मॅडम म्हणाल्या, मुलीलाच विचारते. अदितीला एकटीला आत बोलावलं. सुशील बाहेर बाकावर घामाघूम बसला होता. तिनं नको म्हटलं असतं तर महिन्यातले ते दोन तासही गेले असते, आणि मग जगायचं कशासाठी, हे त्याला खरंच सुचत नव्हतं.

वकील हसत बाहेर आला. "चालू ठेवल्या भेटी. पोरगी म्हणाली, गोष्ट राहिली आहे, मला जायचंय."

सुशीलनं हात जोडले. पण परतीच्या एसटीत त्याचा चेहरा उतरत गेला. म्हणजे पोरगी बगळ्यासाठी येते. आपण कोण, तर बगळ्याला घेऊन येणारी एसटी. लेकराला लालूच दाखवून बांधून ठेवलं, आणि स्वतःला बाप म्हणवून घेतो आपण. रात्रभर तेच डोक्यात होतं. सकाळी त्यानं ठरवलं, तिचं तिला देऊन टाकायचं. मग यायचं तर येईल, नाही तर नाही.

पुढच्या शनिवारी त्यानं पाकिटातून पान काढलं. घड्यांवर ते विरायला आलं होतं.

"अदिती, हे मीच फाडलं होतं. तू यावं म्हणून. घे, पाहून घे. बगळा येते परत." त्याला तिच्याकडे पाहवेना. "आता तुले वाटंन तं ये. नाही आली तरी मी रागावणार नाही, बेटा."

अदितीनं पान उघडलंच नाही. होतं तसं ते त्याच्या शर्टाच्या खिशात घातलं.

"ठेवा तुमच्याजवळ," ती म्हणाली. "माझ्याजवळ आहे."

तिनं मांडीवरच्या दप्तराची चेन उघडली आणि तळातून एक पुस्तक काढून त्याच्या हातात दिलं. मुखपृष्ठावर गंगू आणि बगळा. कोपरे वाचून वाचून मऊ पडलेले, पण पानं सगळी शाबूत. पहिल्या पानावर शाळेचा शिक्का होता, आणि खाली बाईंच्या अक्षरात, दोन वर्षांपूर्वीच्या तारखेसह लिहिलं होतं: कु. अदिती सुशील लांजेवार, इयत्ता दुसरी, गोष्ट तोंडपाठ सांगण्याचं पहिलं बक्षीस.