शालीतला साप

घंटा वाजली आणि मुरलीभाऊ पुरते अडकले. आता तासभर बोलायचं नाही, हलायचं नाही, हा गुरुजींच्या ध्यानवर्गाचा नियम. आणि जरा आधीच शेजारच्या काकू कुजबुजल्या होत्या, "गेल्या महिन्यात गुरुजींच्या हृदयाचं ऑपरेशन झालं हो. दचकायलासुद्धा बंदी आहे त्यांना."

गुरुजींच्या मांडीपाशी शालीची घडी होती. ध्यान संपलं की ते ती झटकून पांघरायचे. आज त्या घडीत मुरलीभाऊंनी जत्रेतला रबरी साप सरकवून ठेवला होता, नुसती गंमत म्हणून!

सगळ्यांचे डोळे मिटलेले. मुरलीभाऊंचे मात्र टक्क उघडे, शालीला चिकटलेले. नाकावर माशी बसली, पायाला मुंग्या आल्या, त्यांना पत्ता नाही. म्हातारा आपल्यापायी जाणार, एवढंच डोक्यात.

शेवटची घंटा झाली. गुरुजींचा हात शालीकडे गेला.

"थांबा गुरुजी! साप आहे! म्हणजे खोटा आहे, मीच ठेवलाय, पण दचकू नका!"

गुरुजींनी शाल झटकली. आत काहीच नव्हतं. मग त्यांनी झोळीतून साप काढून मुरलीभाऊंपुढे धरला.

"तुम्ही पाय धुवायला गेलात ना, तेव्हाच सापडला. काय हो, तासभरात मन जरा तरी इकडेतिकडे गेलं का?"

"कुठलं जातंय, गुरुजी!" मुरलीभाऊ घाम पुसत म्हणाले.

"मला एवढं जमायला अर्धं आयुष्य गेलं," गुरुजी म्हणाले. "उद्या येताना साप विसरू नका."